पहिल्या बाटलीतला थेंब

मंजिरी वैरागडेने बाटली नेहमीसारखी आडवी केली, आणि आतलं काही हललंच नाही.

एरवी तो रस मधासारखा सावकाश काठाकडे सरकायचा. तीस वर्षं सरकत आला होता. आज मात्र तो तळाशी ठाण मांडून बसला होता, पांढरट आणि धुकट, आणि खिडकीतून जानेवारीचं ऊन त्याच्यावर पडलं तेव्हा आत शेकडो बारीक सुया चमकल्या.

तिला आधी आनंद झाला. हे सांगायलाच हवं, कारण पुढे दिवसभर तिला त्या आनंदाची लाज वाटत राहिली. "आलास होय रे शेवटी!" असं ती चक्क मोठ्याने म्हणाली, विद्यापीठातल्या आपल्या जुन्या, रिकाम्या खोलीत, बाटलीला. बासष्ट वर्षांची निवृत्त प्राध्यापिका बाटलीशी बोलतेय हे कुणी पाहिलं असतं तर विभागात आठवडाभर विषय झाला असता. पण शनिवार होता, मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि तिच्या जागी दुसरा कुणी रसायनशास्त्रज्ञ असता तरी त्याने वेगळं काय केलं असतं? ज्या द्रवाचा स्फटिक मिळावा म्हणून उमेदीची सगळी वर्षं घातली, तो एका सकाळी आपल्याच कपाटात आयता येऊन बसलेला दिसला, तर माणूस बोलणारच.

त्या रसाला सगळे काचरस म्हणायचे. खरं तर ते एक मीठ होतं. आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ वितळवायचं तर आठशे अंशांपर्यंत तापवावं लागतं, कारण त्यातले धन आणि ऋण कण गोट्यांसारखे सुबक असतात. एकाआड एक रांगेत बसले की हलायला तयार नसतात. मंजिरीने तिशीत बनवलेल्या मिठाचे कण मात्र अवघड देहाचे होते. एकाला लांब शेपूट, दुसरा वेडावाकडा फुगलेला. त्यांना पंगतीत बसवायला जावं तर एकाचा गुडघा दुसऱ्याच्या ताटात. म्हणून ते मीठ साध्या खोलीतही पातळच राहायचं, आणि थंड करत नेलं की दाट होत होत शेवटी रांग न लावताच जिथल्या तिथे थिजायचं. अशा थिजलेल्या द्रवालाच काच म्हणतात. खिडकीची काच वाळूची असते, मंजिरीची मिठाची होती.

त्या कणांची नेमकी मांडणी कळायची तर स्फटिक हवा, म्हणून परीक्षक तिच्या दर शोधनिबंधावर विचारत, स्फटिक कुठे आहे? तिने रस गोठवून पाहिला, उबवून पाहिला, काचेच्या कांडीने बाटली आतून खरवडण्याची आपल्या धंद्यातली जुनी युक्ती शेकडो वेळा करून पाहिली. रस जमला नाही. "हट्टी आहे, तुझ्यावर गेलाय," असं तिचा नवरा पराग म्हणायचा.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की कधीही न जमणारा रस हीच तर सोन्यासारखी वस्तू आहे. माणसाचा अवयव नुसता गोठवला तर आत बर्फाच्या सुया होतात आणि रक्तवाहिन्या फाटतात. पण अवयवात काचरस भरून उणे एकशे तीसपर्यंत नेला, तर सुई होतच नाही, सगळ्याची काच होते, आणि काचेत काळ थांबतो. यातूनच नागपुरात अवयवपेढी उभी राहिली. दहा वर्षांत लोकांचे व्यवहार पार बदलून गेले. धडधाकट असताना एक किडनी काढून पेढीत ठेवायची आणि घरात कुणाला लागली की बाहेर काढायची, हे विमा उतरवण्याइतकं साधं झालं. स्थळं बघताना मुलाची पेढीत ठेव आहे का, असं लोक बिनदिक्कत विचारत. भाऊ भावाशी भांडला की पहिली धमकी ठेव मोडण्याची असे.

या सगळ्याचा पाया एकच होता. काचरस जमत नाही.

मंजिरीने बाटली खिडकीपाशी नेली आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरली. आठवडाभर नागपुरात कडाक्याची थंडी होती. रात्री पारा पाच अंशांवर, दुपारी या खिडकीतून कपाटावर ऊन. स्फटिकाचं असंच असतं, बीज थंडीत धरतं आणि उबेत वाढतं. पण अशा थंड्या याआधीही येऊन गेल्या होत्या. यंदाच काय झालं?

सगळ्या सुया एकाच जागेवरून फुटलेल्या होत्या. त्या जागी एक तांबडा ठिपका होता.

कुंकू.

बाटली तिने टेबलावर ठेवली, अगदी हळू, जसं काही जोरात ठेवली तर अजून काही बिघडणार होतं.

ही साधी बाटली नव्हती. तिने बनवलेल्या अगदी पहिल्या काचरसाची ती होती, आणि पेढीत तिला मोठा मान होता. खंडेनवमीला पेढीत यंत्रांची पूजा होई. तेव्हा ही बाटली समारंभाने भरणकक्षात नेत, तिला हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत, आणि मग मंजिरी स्वतः बूच काढून त्यातला एक थेंब दसऱ्याच्या ठेवींसाठी भरलेल्या टाकीत सोडे. सगळे टाळ्या वाजवत. शास्त्र म्हणून त्यात काहीच नव्हतं. पेढीचे संचालक डॉ. हर्षल टेंभेकर यांनी काढलेली ती टूम होती आणि मंजिरीला ती मनापासून आवडायची. त्याच बोटांनी कुंकू लावायचं, त्याच बोटांनी बूच उघडायचं. तीस वर्षं धुळीचा कण पडू नये म्हणून जिने विद्यार्थ्यांचा जीव खाल्ला, तिला कुंकवाला धूळ म्हणायचं कधी सुचलंच नव्हतं.

दुधाचं दही आपोआप होत नाही, पण चमचाभर विरजण पडलं की सगळं पातेलं लागतं. काचरसाचंही तेच होतं. त्याला जमायचं कसं ते ठाऊक नव्हतं, एवढंच. आता या बाटलीला ठाऊक झालं होतं. प्रश्न एवढाच होता की गेल्या खंडेनवमीला, डोळ्यांना काही दिसत नसताना, ते त्या थेंबाला ठाऊक होतं का? जीवाणू गाळणाऱ्या जाळीतून असलं बीज सहज निसटतं, इतकं ते लहान असतं.

आणि खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्ताचा दिवस. ठेवी ठेवायला झुंबड उडाली होती, त्या एका दिवसात त्या टाकीतून अकरा मूत्रपिंडं भरली गेली आणि टाकी संपली. त्यातलं एक गार्गीचं होतं. गार्गी म्हणजे मंजिरीची लेक, आणि ते मूत्रपिंड परागसाठी होतं; त्याच्या ऑपरेशनचा नंबर जानेवारीत लागला होता.

फोन वाजला तेव्हा ती दचकलीच.

"आई, कुठे आहेस?" गार्गीच होती. ती पेढीतल्या उबवणकक्षाची प्रमुख होती. थिजलेला अवयव पुन्हा उबेला आणायचं काम तिचं. "बाबांना उद्या सात वाजता दाखल करायचंय, विसरू नकोस. त्यांना म्हणावं रात्री लोणचं नको."

"हो."

"आज साडेदहाला दसऱ्याची पहिली काढतोय आम्ही. त्या भंडाऱ्याच्या वनिताबाई आठवतात ना, माझ्या शेजारच्या खाटेवरच्या? त्यांची. सुनेला बसवायची आहे. उद्या आपली. तुझा आवाज असा का येतोय?"

"थंडीने," मंजिरी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा झाले होते.

आता जे तिच्या मनात आलं, ते कुणी तिच्या मनात घातलेलं नव्हतं. ते आपणहून आलं आणि समोर स्टूल ओढून बसलं. थिजलेल्या अवयवात बीज आहे का नाही, हे तो उबेला आणल्याशिवाय कळत नाही. काचेत बीज निपचित असतं. उबवताना उणे चाळीसच्या वर रस सैल होतो, कण हलायला लागतात, आणि बीज असेल तर तिथे त्याचं फावतं. म्हणजे पाहायचा मार्ग एकच, आणि तो मार्ग अवयव नासवणारा. अकरांपैकी कुणाची तरी पहिली निघणार. साडेदहाला वनिताबाईंची निघणार होती. अकरापर्यंत सगळं कळणार होतं. रस निर्मळ असला तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं, आणि नसला तर परागची उद्याची तरी वाचत होती.

त्यासाठी तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त बाटली उशिरा पाहायची होती. मी आज खोलीवर अकरानंतर गेले, एवढं म्हटलं की झालं. कोण विचारणार होतं?

तिने बाटली कपाटात ठेवली आणि कपाट लावलंसुद्धा. मग खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. डायलिसिसची सुई टोचायची परागच्या हातावरची शीर आता तिसऱ्यांदा बसली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता डायलिसिसला जागा उरली नाही, जास्तीत जास्त वर्षभर रेटता येईल. मंजिरीला मधुमेह; तिला किडनी देता येत नव्हती. दुसरी कुठून आणायची? गार्गीकडे आता एकच उरली होती.

तिला वनिताबाईंच्या हातचे डिंकाचे लाडू आठवले. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, पोटाला टाके असताना, त्या बाईने डबा उघडून गार्गीच्या पुढे धरला होता. "खाय व पोरी, आपण दोघी आता एका किडनीच्या बहिणी." मग मंजिरीकडे वळून विचारलं होतं, "बाई, तुमचा तो रस जमत तं नाई ना कधी?"

आणि मंजिरीने, तीस वर्षांच्या दिमाखात, सांगितलं होतं, "छे हो. मी शब्द देते."

तिने फोन उचलला. दहाला पाच मिनिटं कमी होती. दहा मिनिटं आपण काय करत होतो, हे तिला पुढे कुणी विचारलं नाही, पण ती दहा मिनिटं तिच्या अंगावर राहिली.

"गार्गी, काढू नका. वनिताबाईंची काढू नका. काहीच काढू नका. पहिली बाटली जमलीय."

पलीकडे गार्गीने कुणाला तरी थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं.

"बाबांची पण दसऱ्याचीच आहे," गार्गी म्हणाली.

"माहितीये गं मला."

पेढीच्या आवारात ती गेली, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. बाटली हाताळलेल्या कपड्यांवर, केसांत काय असेल सांगता येत नव्हतं. टेंभेकर बाहेर आले ते कावलेलेच.

"मॅडम, साडेनऊपासून पेशंट टेबलाची वाट बघतोय! तुमच्या कपाटातली एक बाटली जमली म्हणून मी अकरा ऑपरेशनं थांबवू? टाकी तर आपण दसऱ्यानंतर लगेच धुऊन टाकली, तपासायला थेंब नाही."

"साक्षनळ्या आहेत ना? प्रत्येक अवयवाबरोबर त्याच रसाची एक नळी थिजवता तुम्ही. त्या उबवून बघा. अवयवाला हात लावू नका."

"आणि त्या साफ निघाल्या तर?"

"तर तुम्ही मला म्हातारी म्हणा, मी ऐकून घेईन."

साक्षनळ्या उबवल्या. आठ स्वच्छ राहिल्या. तीन दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. त्या तिन्हींत वनिताबाईंची नव्हती, आणि गार्गीचीही नव्हती. पण त्याने दिलासा कुणालाच मिळाला नाही. नळीत बीज आलं नाही म्हणजे किडनीत आलं नाही असं थोडंच असतं? विरजण कुठल्या चमच्यात गेलं ते दुधाला विचारता येत नाही. टेंभेकरांनी मंजिरीला म्हातारी म्हटलं नाही. ते फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

त्यानंतरचे दिवस मंजिरीने जुन्या प्रयोगशाळेत काढले. उपाय दिसत होता, पण अर्धाच. स्फटिकाला वाढायला वेळ लागतो. शून्याला आलं की रस धुऊन काढतात; तोवरचा, उणे चाळीस ते शून्य हा धोक्याचा पट्टा त्याला वेळ न देता ओलांडला तर बीज असूनही काही बिघडत नाही. अवयवात लोखंडाची अतिसूक्ष्म भुकटी भरलेली असते आणि चुंबकाच्या कुंडलात ठेवला की तो आतून सगळीकडे सारखा तापतो. ताप वाढवला की वेगही वाढतो. मात्र नको तितका वाढवला की काच तडकते, आणि तिच्याबरोबर किडनीही. म्हणजे वेग किती, हे नेमकं कळायला हवं होतं.

डुकराच्या मूत्रपिंडांत बाटलीतलं बीज घालून तिने पाहिलं. आकडे आले, पण तिचा त्यांवर विश्वास बसेना. ती बीजं ताजी होती. दसऱ्याची तीन महिने काचेत मुरलेली होती. काच बाहेरून थांबलेली दिसते, पण आत कण कणभर सरकत असतात, बीज हळूहळू पक्कं होत असतं. तीन महिने मुरलेली काच तयार करायला तीन महिनेच लागतात. त्याला कुठलंही यंत्र नाही, आणि मुरलेल्या साक्षनळ्या तपासणीतच संपल्या होत्या. आणि भंडाऱ्याहून रोज फोन येत होता. वनिताबाईंच्या सुनेच्या, प्रणालीच्या, छातीत पाणी साठायला लागलं होतं. तिच्याकडे तीन महिने नव्हते.

"म्हणजे त्या अकरांतली एक उबवून बघायला लागणार," पुढच्या रविवारी घरी जेवताना गार्गी म्हणाली. तिने ताटातली भाकरी मोडली होती, पण खाल्ली नव्हती. "हळू उबवायची, नेहमीच्या वेगाने. सुया वाढताना मोजायच्या. मग बाकी दहांचा वेग काढता येईल."

"स्वच्छ निघाली तर?" परागने विचारलं.

"तर लगेच तुम्हाला बसवू."

मंजिरीच्या हातातला डाव वरणातच राहिला. आपली लेक काय बोलली ते तिला त्या एका शब्दावरून कळलं. तुम्हाला.

"तुझी नाही," ती म्हणाली. "गार्गी, तुझी नाही. लॉटरी काढू दे. टेंभेकर म्हणत होते, चिठ्ठ्या टाकू."

"चिठ्ठीत वनिताबाईंचं नाव निघालं तर जाऊन सांगशील तू त्यांना?"

"सांगेन."

"नाही सांगणार, आई. मला माहितीये." गार्गीचा आवाज चढला. "उबवणकक्षाची प्रमुख मी. रस तुझा. त्या लोकांनी आपल्या तोंडाकडे बघून ठेवी ठेवल्या. आता पहिली दुसऱ्याची काढायची? आणि किडनी माझी आहे. पोट माझं फाडलंय."

"आणि बाबा कुणाचे आहेत?" मंजिरी ओरडली. तिने लेकीवर असा आवाज कधी चढवला नव्हता. "तुझे काही लागतात की नाही? एकच आहे ती. गेली की गेली!"

पराग रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. बोलायच्या आधी दोन्ही बाजूंना बघायची त्याची सवय होती.

"मंजू, वाढ जरा," त्याने ताट पुढे केलं. मग म्हणाला, "रुळावर काही पडलंय असा संशय असला की आधी रिकामं इंजिन सोडतात. पॅसेंजर नाही सोडत. माझी गाडी रिकामीच आहे म्हण."

"रिकामी नाहीये तुझी गाडी," मंजिरी म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. तिघांपैकी कुणी नीट जेवलं नाही.

मंगळवारी सकाळी काढायचं ठरलं. मंजिरी पेढीत नव्या, धुतलेल्या कपड्यांत काचेच्या भिंतीबाहेर उभी होती. आत गार्गीने कुंडलाचं झाकण बंद केलं. पडद्यावर मूत्रपिंड दिसत होतं, धुरकट मधाच्या रंगाचं, मुठीएवढं. आपल्या लेकीच्या शरीराचा तुकडा असा पडद्यावर पाहणं मंजिरीला अजून जमलं नव्हतं, तरी तिने डोळे हटवले नाहीत.

"उणे शंभर," गार्गी माईकवर सांगत होती. तिचा आवाज कामाचा होता, सपाट. "उणे ऐंशी. स्वच्छ. उणे साठ. स्वच्छ."

टेंभेकर मंजिरीशेजारी उभे होते. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. बहुधा देवाचं नाव.

"उणे पंचेचाळीस. स्वच्छ. उणे चाळीस. स्वच्छ."

मंजिरीला वाटलं, सुटलो. नळी स्वच्छ होती, किडनीही स्वच्छ आहे, थेंब आमच्या वाट्याला आलाच नाही. तिने काचेवर हात टेकला.

"उणे चौतीस," गार्गी म्हणाली, आणि थांबली. "वरच्या टोकाला एक ठिपका. मोजतेय."

ठिपका तिळाएवढा होता. मग वाटाण्याएवढा. मग त्याला फांद्या फुटल्या आणि रक्तवाहिन्यांच्या मार्गाने तो पांढरा रंग खाली उतरायला लागला, कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. गार्गी दर अंशाला आकडा सांगत राहिली. एकदाही तिने आकडा चुकवला नाही, एकदाही आवाज हलू दिला नाही. शून्याला आल्यावर तिने कुंडल बंद केलं. मूत्रपिंड सगळं पांढरं झालं होतं.

मग तिने माईक बंद केला, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बसली. तिची पाठ काचेतून दिसत होती. दार आतून बंद होतं. मंजिरी काचेवर हात ठेवून नुसती उभी राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. टेंभेकर केव्हा निघून गेले तेही तिला कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत आकडा हाती आला होता. नेहमीच्या अडीचपट वेग पुरत होता, आणि तितक्याने काच तडकत नव्हती. मंजिरीच्या डुकरांच्या आकड्यांवर विसंबले असते तर दुप्पटवरच थांबले असते, आणि उरलेल्या दहांतली बीज असलेली एकही वाचली नसती.

प्रणालीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. किडनी गुलाबी निघाली आणि टेबलावरच काम करायला लागली. त्या दिवशी मंजिरी दवाखान्याच्या पायऱ्या उतरत असताना वनिताबाईंनी तिला गाठलं. अंगावर जांभळं लुगडं, हातात पिशवी, आणि चेहरा रागाने लाल.

"बाई, थांबा जरा. तुमाले मी शोधूनच राहिली होती. काहून थांबवलं हो तुमी आमचं? माही सून मरता मरता वाचली. मी दसऱ्याचा मुहूर्त साधून किडनी देल्ली होती. तुमी शब्द देल्ला होता का रस जमत नाई म्हणून. अन् ऐन टायमाले म्हणे थांबा! कोणाच्या तरी ओळखीच्याचा नंबर आधी लावला असन, मले काय समजत नाई?"

मंजिरीला सांगता आलं असतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि मग या बाईने तिथेच पायऱ्यांवर तिचे पाय धरले असते. ते तिला सहन झालं नसतं. शिवाय ती दहा मिनिटं होतीच.

"चुकलंच आमचं," ती म्हणाली. "सूनबाई बरी आहे ना?"

"हाय बरी. लघवी झाली तिले," वनिताबाई अजून घुश्शातच होत्या, पण डोळे भरून आले होते. पिशवीतून डबा काढून त्यांनी तिच्या हातात कोंबला. "हे गार्गीले द्या. अन् तिच्या बापाची झाली का, ते सांगा."

"नाही अजून," मंजिरी म्हणाली आणि उतरायला लागली.

घरी पराग डायलिसिसला जायच्या तयारीत होता. गाडी यायला वेळ होता, म्हणून चहाचा कप घेऊन तो बाल्कनीत बसला होता. त्याने अर्धाच कप घ्यायचा असतो.

"तीस वर्षं जिची वाट पाहिलीस ती मला एकदाही दाखवली नाहीस," तो म्हणाला. "तुझी ती सुई."

तिने पर्समधून बोटाएवढी नळी काढली. दोन्ही टोकांनी काच वितळवून बंद केलेली. आत स्फटिकांचा एक झुबका होता. परागने ती उन्हात धरून फिरवली. आत लहान लहान उजेड हलले.

"देखणी आहे गं."

"आहे," ती म्हणाली. ते खरंच होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

त्याने नळी उभी धरून गरम चहात बुडवली. ती नको म्हणेपर्यंत बुडवलीही. बंद नळी, काही बिघडणार नव्हतं. थोड्या वेळाने त्याने ती बाहेर काढून धोतराच्या सोग्याला पुसली. आतला पांढरा झुबका गेला होता. नळी आडवी केल्यावर रस मधासारखा सावकाश सरकला.

परागने नळी पुन्हा उलटी करून पाहिली. "एवढ्यानेच जातं?"

"एकावन्न अंशांना वितळतं. बीजसुद्धा उरत नाही."

"मग गार्गीची किडनी..."

"किडनीला एकावन्न सोसत नाहीत, पराग."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्याने उरलेला चहा कुंडीत ओतला, नळी तिच्या तळव्यावर ठेवून तिची बोटं मिटली, आणि शीर बसलेला हात सांभाळत उठला. नळी अजून गरम होती. मंजिरीने ती गार होईपर्यंत मुठीत धरली, आणि मग त्याची शाल घेऊन त्याच्या मागोमाग जिना उतरली.